खाडीवरची पहाट

आमचे गाव पाचोड. मोसंबीचे गाव. 2013 च्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालूनही आमची बाग वाळली. अब्बांनी वाढवलेली झाडे अब्बांनाच तोडावी लागली. त्यानंतर ते आकाशाकडे पाहीनासे झाले. शेजारी पावसाची गोष्ट काढत, तेव्हा ते उठून जात.

काही वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना मालवणजवळ तारकर्लीला नेले. जवळच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिच्या पाण्यात आम्ही हाऊसबोटीवर, म्हणजे नावेतल्या घरात, दोन रात्री राहिलो.

पहिल्या दिवशी मी फजरच्या आधीच उठलो. अब्बा माझ्याही आधी बाहेर येऊन बसले होते. अमावास्येचा काळोख होता. पूर्वेला फिकट उजेड खांबासारखा उभा होता.

"ही सुबह-ए-काजिब," अब्बा हळूच म्हणाले. "फसवी पहाट. थांब जरा."

थोड्या वेळाने क्षितिजावर आडवा, पांढरा पट्टा पसरला. ती सुबह-ए-सादिक, खरी पहाट! हे शब्द मी किती वेळा वाचले होते. पण डोळ्यांनी प्रथमच पाहिले. गावात आता बाजारातले दिवे आड येतात.

मुलांनो, कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. म्हणून तेथे सूर्य समुद्रात मावळतो; उगवतो मात्र सह्याद्रीच्या बाजूने. साडेसहाच्या सुमारास तो माडांच्या मागून वर आला. पाणी खूप उतरले होते. काठच्या चिखलात बगळे फिरत होते. जमिनीकडून समुद्राकडे गार वारा वाहत होता. त्याला मतलई वारा म्हणतात.

इतक्यात नाव हळूहळू फिरू लागली. दोर सुटला की काय, असे वाटून अब्बा उभे राहिले. तांडेल हसला.

"काका, घाबरू नका. भरती लागली."

नांगरलेली नाव प्रवाहाकडे तोंड करते. आता समुद्राचे पाणी आत शिरत होते आणि नदी उलटी वाहू लागली होती! उर्दूत आपण ज्याला मद्द-ओ-जजर म्हणतो, तीच ही भरती-ओहोटी. चंद्राच्या ओढीमुळे येथे दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते आणि ती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्याची ओढही तिला मिळते. तेव्हा पाणी जास्त चढते. ते उधाण.

अब्बांनी ओंजळीत पाणी घेतले, चाखले आणि थुंकले.

"एवढे पाणी! आणि एका झाडाच्याही कामाचे नाही."

दुपारी वारा फिरला. समुद्राकडून खारा वारा येऊ लागला. सह्याद्रीवर काळे ढग चढले. अब्बा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते.

"अर्ध्या तासात येईल," ते म्हणाले.

तांडेलाने मान हलवली. त्याला ते पटले नव्हते. पण अर्धा तास होण्याआधीच सरी आल्या. अब्बांनी पेला बाहेर धरला. तो भरायला वेळ लागला, तरी हात मागे घेतला नाही. मग ते सावकाश प्यायले.

परतताना बसमध्ये त्यांनी मला विचारले, "मोसंबीचे रोप आता कितीला मिळते रे?"

स्वाध्याय
1. अब्बा आकाशाकडे का पाहीनासे झाले?
2. नाव का फिरली?
3. तुमच्या गावात पाऊस येण्याआधी आकाश कसे दिसते? पाच वाक्ये लिहा.