केकताड व कोरफड : गुच्छपर्णी वनस्पतींची लागवड व निगा

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात वसलेले जांब समर्थ हे गाव समर्थ रामदास स्वामींचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. शेतीच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र या परिसराची गणना अवर्षणप्रवण प्रदेशातच करावी लागते. पावसाची सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर असली तरी तो वेळेवर व सारखा पडेल असा भरवसा नसतो. काळ्या जमिनीत कपाशी, तूर, सोयाबीन व मोसंबी ही पिके येतात. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या, हे येथील कास्तकारांना सांगावयास नको. त्या वर्षीही बांधावरील केकताड व अंगणातील कोरफड या दोन वनस्पती हिरव्या राहिल्या. मुरमाड बांध, खडकाळ पडीक तुकडा किंवा वाहून जाणारा उतार यांचा काही उपयोग व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी या वनस्पतींची शास्त्रीय माहिती करून घेणे जरूर आहे.

दोन्ही वनस्पतींची पाने जाड, रसदार असून एका आखूड खोडाभोवती गुच्छासारखी चक्राकार येतात. या बाह्य साम्यामुळे लोक त्यांना एकाच जातीच्या समजतात. इंग्रजी अमदानीतील व्यापारी केकताडाच्या वाखालाच 'बॉम्बे अलो' म्हणत असत, त्यामुळे जुन्या कागदपत्रांतही हा घोटाळा उतरला आहे. वस्तुतः केकताड, ज्यास इतरत्र घायपात म्हणतात, मूळचे मेक्सिकोकडील असून वनस्पतिशास्त्रात त्याची गणना शतावरीच्या कुळात होते. कोरफडीचे मूळ स्थान अरबस्तान मानले जाते व तिचे कूळ निराळे आहे. पान मोडून पाहिल्यास फरक तत्काळ कळतो. केकताडाच्या पानात चिवट तंतू असतात व ते सहज तुटत नाही. कोरफडीचे पान काकडीसारखे मोडते व आत स्वच्छ गर दिसतो. दुसरी खूण फुलोऱ्याची. कोरफडीस मोठी झाल्यावर दरवर्षी फुले येऊ शकतात. केकताडास आयुष्यात एकदाच उंच दांडा येतो आणि त्यानंतर ते झाड मरते.

हा फरक केवळ पुस्तकी नव्हे. केकताडाचा रस अंगास लागल्यास खाज सुटते, पुरळ उठतो व डोळ्यांत गेल्यास इजा होते. कोरफड समजून कोणी केकताडाचा रस भाजलेल्या जागी लावल्यास आग शमण्याऐवजी वाढेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांना व महिला मंडळांना ही दोन्ही पाने प्रत्यक्ष दाखवून ओळख करून द्यावी.

या वनस्पती दुष्काळात कशा तगतात, हे समजले म्हणजे त्यांची निगा कशी राखावी हेही आपोआप समजते. सामान्य पिकांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडी असतात. त्यांतून हवेतील कर्बवायू आत येतो, परंतु उन्हामुळे पानातील पाणीही वाफ होऊन निघून जाते. केकताड व कोरफड आपली छिद्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपाने पानात साठवितात व दिवसा छिद्रे मिटून घेऊन सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतात. या क्रियेची एक मोठी खूण हिंदुस्थानातच नोंदली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना असे आढळले की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते व दिवस चढेल तसा आंबटपणा कमी होतो. त्यांचे हे निरीक्षण 1815 साली प्रसिद्ध झाले. तात्पर्य, या वनस्पतींना पाण्याची चणचण सोसते. सोसत नाही ते मुळांशी साचलेले पाणी. दुष्काळात मेलेल्या कोरफडीपेक्षा श्रावणात कुजलेली कोरफडच अधिक आढळते.

केकताडाच्या जाती

आपल्याकडे तीन प्रकार विशेष आढळतात. पहिला मोठ्या, रुंद, राखी-निळसर पानांचा व काटेरी कडांचा. यास शास्त्रीय भाषेत अगेव्ह अमेरिकाना म्हणतात. याच्याच पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचा प्रकार बागांतून शोभेसाठी लावतात. दुसरा अगेव्ह कँटाला. याची पाने अरुंद, बाकदार व कडेस काटे असलेली असून वाख बारीक निघतो. तिसरा सिसल, म्हणजे अगेव्ह सिसालाना. याची पाने तलवारीसारखी सरळ, गर्द हिरवी व बहुधा बिनकाटेरी कडांची असतात. टोकास मात्र एक तीक्ष्ण काळसर काटा असतो. कुंपणासाठी पहिले दोन व वाखासाठी तिसरा, अशी निवड करावी.

सिसलचा प्रसार कसा झाला हे लक्षात घेण्याजोगे आहे. 1893 साली रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन तज्ज्ञाने फ्लोरिडाहून पूर्व आफ्रिकेत रोपे मागविली. प्रवासातून वाचलेल्या अवघ्या 62 रोपांपासून आजच्या टांझानियातील विस्तीर्ण मळे उभे राहिले. आता या धाग्याच्या उत्पादनात ब्राझील अग्रेसर आहे. आपल्या देशात ओडिशातील बामरा येथे सिसलचे संशोधन केंद्र असून तेथे 'लीला' हा संकरित वाण तयार करण्यात आला आहे.

लागण व संगोपन

केकताडाची अभिवृद्धी दोन प्रकारे होते. बुंध्याशी फुटणारे फुटवे खणून लावता येतात. याशिवाय सिसलच्या फुलोऱ्याच्या दांड्यावर फुले गळाल्यानंतर हजारांच्या घरात लहान लहान रोपे धरतात व तयार होताच खाली पडतात. ती तीन-चार इंचांची झाल्यावर गोळा करून गादीवाफ्यावर लावावीत व पुढे दुसऱ्या वाफ्यात फूट-दीड फुटाच्या अंतराने वाढवावीत. वर्षाचे रोप झाले म्हणजे बांधावर न्यावे. दांड्यावरील रोपे एकसारख्या वयाची असल्याने लागण सारखी वाढते. म्हणून सलग लागवडीस तीच पसंत करावीत. थोड्या बांधासाठी मात्र फुटवेच सोयीचे होत.

लागण पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. कुंपणासाठी दोन ओळी दोन फूट अंतरावर घेऊन प्रत्येक ओळीत दोन-दोन फुटांवर रोपे लावावीत. मात्र दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध येईल असे पाहावे. तीनशे फूट बांधास या हिशेबाने सुमारे तीनशे रोपे लागतात. रोप खोल पुरू नये. गाभ्यात माती गेल्यास तो कुजतो. पहिली दोन वर्षे आळ्यातील गवत काढणे व मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे एवढीच निगा पुरते. बांधावर केकताड धरले म्हणजे वाहत्या पाण्याचा वेग कमी होतो व माती अडते. तथापि मुळे उथळ असल्याने लगतच्या पिकाची एखादी ओळ मार खाते, हे आधीच गृहीत धरावे.

रोही व रानडुकरे यांचा उपद्रव सध्या सर्वत्र वाढला आहे व केकताडाचे कुंपण हा त्यावर रामबाण उपाय असल्याचे पुष्कळदा सांगण्यात येते. यात अतिशयोक्ती आहे. दाट वाढलेले दुहेरी कुंपण गुरांना निश्चित अडविते व डुकरांनाही बऱ्याच अंशी अडविते, पण रोही ते ओलांडून जाऊ शकते. शिवाय कुंपण दाट होण्यास चार-पाच वर्षे लागतात. दुसरी गोष्ट बांधाच्या मालकीची. सामायिक बांधावर शेजाऱ्याच्या संमतीवाचून लागण करू नये. केकताडाचे फुटवे दोन्ही बाजूंस पसरतात व बांधाचा तंटा एकदा तहसीलीत गेला म्हणजे कुंपणापेक्षा महाग पडतो. गायरानातही याची लागण करू नये. फुटवे पसरून चराईची जमीन हळूहळू व्यापली जाते. पाऊलवाटेकडील पानांच्या टोकांचे काटे विळ्याने छाटून टाकावेत, कारण ते बरोबर मुलांच्या व वासरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

वाख काढणे

लागणीनंतर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास खालची पाने तोडणीस येतात. पहिल्या तोडणीस झाडावर निदान सोळा व पुढील तोडणीस बारा पाने राखावीत. त्याहून अधिक ओरबाडल्यास झाड खुरटते. एक सिसल झाड आपल्या आयुष्यात साधारणतः दोनशे ते अडीचशे पाने देते. शंभर किलो पानांपासून तीन ते चार किलो कोरडा वाख मिळतो. तीनशे झाडांची वर्षास प्रत्येकी वीस पाने, प्रत्येक पान अर्धा किलोचे, असे धरल्यास तीन हजार किलो पाने व नव्वद ते एकशेवीस किलो वाख होतो. हा हिशेब चांगल्या झाडांचा आहे. मुरमाड बांधावर याहून कमीच धरावा.

मराठवाड्यात केकताडापासून दावी, कासरे, म्होरक्या व शिंकी करण्याचे कसब मातंग समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. बलुतेदारीत गावाला लागणारा दोर तेच पुरवीत. नायलॉनचा दोर आल्यावर हा व्यवसाय बहुतेक मोडला. नायलॉन स्वस्त व टिकाऊ आहे हे खरे, परंतु जनावराच्या मानेस तो काचतो व जखम करतो. वाखाचा दोर तुलनेने मऊ राहतो. पोळ्याच्या सुमारास अशा दोरांना अजूनही गिऱ्हाईक मिळते. ज्या गावी हे कसब जाणणारी वडील मंडळी आहेत, तेथे त्यांच्याकडून तरुणांनी ते शिकून घ्यावे. मोबदला मात्र त्या कारागिरांना रोखीने व रास्त मिळाला पाहिजे. बलुत्याच्या काळातील मूठभर धान्याचा हिशेब आता लावणे योग्य नव्हे.

पूर्वीच्या पद्धतीत पाने ठेचून नाल्यात कुजत घालीत. त्यामुळे पाणी काळे पडून दुर्गंधी सुटते व मासे मरतात. विहीर, पाझर तलाव किंवा गुरांचे पाणवठे यांजवळ पाने कधीही कुजवू नयेत. स्वतंत्र खड्डा करावा. शक्य तेथे पाने सोलण्याचे यंत्र गटाने घ्यावे. यंत्रावर पाने तोडल्या दिवशीच सोलावीत. रस वाळला म्हणजे गर तंतूंस चिकटून बसतो व वाख काळवंडतो. काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावेत. निघालेला चोथा खतखड्ड्यात टाकावा.

कोरफड

कोरफडीस उत्तम निचऱ्याची हलकी जमीन मानवते. भारी काळ्या जमिनीत लावावयाची झाल्यास वरंब्यावरच लावावी. चार-पाच पानांचे फुटवे जुलै-ऑगस्टमध्ये दोन फूट बाय दोन फूट अंतरावर लावल्यास एकरी सुमारे 10,900 रोपे बसतात. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'सिम-शीतल' हा वाण प्रसारित केला आहे. साधारण वर्षाने बाहेरची तीन-चार पाने बुंध्याजवळून कापता येतात. कापल्यावर जो पिवळा, कडू चीक गळतो तो तीव्र रेचक आहे. त्यापासूनच बाजारातील काळा बोळ तयार करतात. घरगुती वापरासाठी पान थोडा वेळ उभे ठेवून हा चीक गळू द्यावा व नंतरच गर काढावा. गरोदर स्त्रियांनी तो पोटात घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोरफडीची रोपे चढ्या दराने विकून 'सर्व माल आम्हीच परत विकत घेऊ' असा करार करणारे लोक वेळोवेळी खेडोपाडी फिरतात. रोपांचे पैसे आधी घेतले जातात आणि तोडणीच्या वेळी खरेदीदाराचा पत्ता लागत नाही, असे अनेक ठिकाणी घडले आहे. या पिकाचा स्वभावच असा आहे की, गरात शेकडा 98 हून अधिक पाणी असते व पान कापल्यानंतर थोड्याच तासांत त्याचा कस उतरू लागतो. म्हणजे आपण गाडीभाड्याने बहुतांशी पाणीच वाहून नेतो. कारखाना जवळ नसल्यास वाहतुकीतच नफा संपतो. म्हणून सही करण्यापूर्वी कारखाना स्वतः जाऊन पाहावा. वजन शेतावर होणार की कारखान्याच्या दारात, भाडे कोणाचे, माल नाकारण्याची कारणे कोणती व पैसे किती दिवसांत मिळणार, हे लेखी घ्यावे. याची सरळ उत्तरे मिळत नसतील तर लागण करू नये. कार्यकर्त्यांनी अशा योजनेची शिफारस करताना आपले नाव शेतकऱ्याच्या विश्वासास जोडले जाते, हे विसरू नये. परसातील दहा-वीस झाडे मात्र प्रत्येकाने अवश्य ठेवावीत.

कुंडीतील शोभेचे प्रकार

शहरांतील रोपवाटिकांत लहान गुच्छपर्णी वनस्पतींना हल्ली चांगली मागणी आहे. बचत गटांनी थोड्या प्रमाणावर हा उद्योग करून पाहण्यास हरकत नाही. आपल्या उन्हाळ्यात हॉवर्थिया अर्ध्या सावलीत चांगली तगते. एचेव्हेरियास हिवाळा मानवतो, पण उन्हाळ्यात दुपारची सावली व पावसाळ्यात छप्पर लागते. सेम्परव्हायव्हम हा युरोपातील डोंगराळ थंड प्रदेशाचा प्रकार येथे सहसा टिकत नाही. त्यावर पैसे घालू नयेत. कुंडीस भोक असावे. दोन भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग माती व थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे व ते गाभ्यात न घालता कडेने द्यावे. पाने लांबट व विरळ होऊ लागल्यास उजेड कमी पडतो असे समजावे. कुंडी एकदम कडक उन्हात न नेता आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने हलवावी.

बांधावरील केकताडास दांडा निघाला म्हणजे ते झाड संपले असे धरून त्याच पावसाळ्यात बुंध्याचा एक जोमदार फुटवा राखावा व बाकीचे काढून रिकाम्या जागी लावावेत. वाळलेला दांडा हलका व सरळ असतो. गोठ्याच्या छपरास तो उपयोगी पडतो.