तिसरे पद : श्रेढी, सांख्यिकी आणि कथा

ठरावीक नियमाने पुढे सरकणाऱ्या संख्यांच्या रांगेस गणितात श्रेढी म्हणतात. अंकगणिती, भूमिती आणि हरात्मक या तीन श्रेढी एकमेकींच्या सख्ख्या बहिणीच होत. पहिली दोन पदे २ आणि ३ घेऊ. समान फरकाच्या अंकगणिती श्रेढीत पुढचे पद ४ येईल. समान गुणोत्तराच्या भूमिती श्रेढीत ४.५ येईल. हरात्मक श्रेढीत संख्यांचे व्यस्तांक समान फरकाने बदलतात. १/२, १/३ यांच्यापुढे १/६ येतो, म्हणून तिसरे पद ६. आरंभ एकच, वाटा मात्र तीन. या तिघींपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत, हे तिसरे पदच सांगते.

सांख्यिकीतही मध्य, मध्यक आणि बहुलक असे त्रिकूट आहे. समजा, एका कामावरील सात जणांची रोजची मिळकत ३००, ३००, ३००, ४००, ५००, ६०० आणि ३९०० रुपये आहे. एकूण ६३०० रुपये. सातांनी भागता मध्य, म्हणजे सरासरी, ९०० येते. परंतु सातांपैकी सहा जणांच्या हाती तेवढे पैसे पडतच नाहीत! चढत्या क्रमातील मधली संख्या, म्हणजे मध्यक, ४०० आहे. सर्वाधिक वेळा आलेली संख्या, म्हणजे बहुलक, ३०० आहे. केवळ सरासरी सांगितली, तर कष्टकऱ्याचे दारिद्र्य एका मोठ्या आकड्याआड झाकले जाते. म्हणून सरासरी ऐकताच उरलेल्या दोघांची चौकशी करावी.

कथनातील त्रिधारेचेही असेच आहे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक विदर्भातील देशपांडे कुटुंबाच्या पडझडीचे आहे. ‘मग्न तळ्याकाठी’त पुढची पिढी येते. ‘युगान्त’मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या गावात पराग आणि अभय हे चुलतभाऊ बोलत बसतात, आणि एका घराची वाटलेली गोष्ट एका युगाची होऊन जाते. तिसऱ्या नाटकाने पहिल्याचाही अर्थ पालटतो.

पालकांनी व शिक्षकांनी एवढे ध्यानी धरावे : दोन परीक्षांच्या गुणांवरून मुलाच्या आयुष्याची श्रेढी मांडू नये. त्याचे तिसरे पद अजून यायचे आहे.