प्रोपेलर, रंगखुणा आणि 'हैदराबाद' : लढाऊ विमानांचे छायाचित्र कसे वाचावे?

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला मात्र यंत्रेही वाचता आली पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धातील विमानांची अनेक छायाचित्रे तारखेविना आढळतात. अशा वेळी विमानाचा प्रोपेलर आणि अंगावरच्या खुणा हीच त्याची जन्मपत्रिका ठरते. ती कशी वाचावी, याचा थोडक्यात विचार येथे केला आहे.

हा विषय आपल्या भागाला अगदीच परका नाही. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. सिरोंच्याजवळून वाहणाऱ्या प्राणहितेचा पलीकडचा काठही निजामाच्याच मुलखात मोडत असे. या संस्थानाने दिलेल्या देणग्यांमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या ११०, १५२ आणि २५३ या स्क्वॉड्रनांच्या नावांत 'हैदराबाद' हा शब्द आला. १५२ व्या स्क्वॉड्रनच्या बोधचिन्हात तर निजामाचे शिरोभूषणच होते. आपल्या अभ्यासासाठी हीच तुकडी उदाहरण म्हणून घेऊ.

प्रोपेलरची साक्ष

स्पिटफायर हे विमान प्रथम ५ मार्च १९३६ रोजी उडाले. सुरुवातीच्या विमानांना लाकडाचा दोन पात्यांचा प्रोपेलर असे व त्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असे. चढावर बैलगाडी ओढताना आणि सपाटीवर पळवताना बैलांना सारखाच जोर लागत नाही. विमानाचेही तसेच आहे. उड्डाण घेताना पात्यांचा कोन लहान हवा, वेगात असताना मोठा हवा. ठरलेला कोन म्हणजे दोन्हींकडून तडजोड. पुढे तीन पात्यांचा धातूचा प्रोपेलर आला. त्यात वैमानिकाला दोन कोनांपैकी एक निवडता येई. जून १९४० पासून 'कॉन्स्टंट स्पीड' प्रोपेलर बसवण्याची मोहीम निघाली. यात इंजिनाचे फेरे कायम राहतील अशा बेताने पात्यांचा कोन आपोआप बदलतो. डी हॅविलंड कंपनीच्या कारागिरांनी विमानतळांवर जाऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजाराहून अधिक विमानांत हा फेरफार केला. ब्रिटनच्या लढाईच्या ऐन तोंडावर वैमानिकांना त्यामुळे चढाईचा वेग मिळाला.

मात्र येथे सावधगिरी हवी. जुन्या विमानाला नवा प्रोपेलर बसवता येतो. म्हणून प्रोपेलरवरून विमान कधी बांधले हे ठरत नाही. छायाचित्र अमुक काळाच्या आधीचे नाही, एवढेच म्हणता येते.

रंग आणि खुणा

युद्धारंभी ब्रिटिश लढाऊ विमानाचा डावा पंख खालून काळा व उजवा पांढरा असे. जमिनीवरील तोफखान्याला आपले विमान ओळखता यावे, हा हेतू. तरी ६ सप्टेंबर १९३९ रोजी ७४ व्या स्क्वॉड्रनच्या स्पिटफायरांनी आपल्याच ५६ व्या स्क्वॉड्रनची दोन हरिकेन विमाने पाडली. एक वैमानिक प्राणास मुकला. ओळख चुकण्याची किंमत अशी जिवाने मोजावी लागते. खुणांचे नियम वारंवार का बदलले, हे यावरून कळावे.

मे १९४० मध्ये धडावरील वर्तुळाभोवती पिवळे कडे आले आणि शेपटीवर उभे पट्टे आले. जून १९४० मध्ये खालची बाजू फिक्या हिरवट रंगाची करण्याचा हुकूम निघाला. नोव्हेंबर १९४० अखेर शेपटीजवळ त्याच फिक्या रंगाचा पट्टा आला. अशा खुणा जुळवल्या की छायाचित्राचा काळ काही महिन्यांच्या आत आणता येतो. धडावरील दोन अक्षरे स्क्वॉड्रन सांगतात. 'यूएम' ही अक्षरे १५२ व्या स्क्वॉड्रनची.

छायाचित्रातील काळ्या-पांढऱ्या छटांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा व तांबडा रंग काळसर उमटतो आणि निळा फिका दिसतो. म्हणून पिवळे कडे दिसत नाही म्हणजे ते नव्हतेच, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

डॉर्सेटपासून ब्रह्मदेशापर्यंत

१९४० च्या उन्हाळ्यात १५२ वी तुकडी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, वॉर्मवेल येथून लढत होती. तेव्हा तिच्या विमानांवरील वर्तुळाच्या मध्याशी तांबडा ठिपका होता. १९४३ च्या अखेरीस हीच तुकडी पूर्वेकडे आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. तेथे तो ठिपका उरला नव्हता. जपानी विमानांवर तांबडे सूर्यबिंब असे, त्याच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून १९४२-४३ मध्ये या आघाडीवर तांबडा रंगच काढून गडद व फिका निळा ठेवला गेला. अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली १९४४ मध्ये इंफाळला लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमानेही याच खुणा वागवीत होती. पुढे १५२ व्या स्क्वॉड्रनच्या काही स्पिटफायरांवर झेप घेणारा काळा बिबळ्याही रंगवलेला दिसतो.

एकाच तुकडीची दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की युद्धाची दिशा, शत्रू आणि भीती कशी बदलली हे त्यांतून वाचता येते. आणखी एक गोष्ट ध्यानी येते. या विमानांना नाव हैदराबादचे होते. पण ती कोठे आणि कोणासाठी लढावीत, हे ठरवण्याचा अधिकार राजुऱ्याच्या शेतकऱ्याला नव्हता. खुणा कोणाच्या आणि त्या लावणारा कोण, हे दोन्ही प्रश्न विचारले, तरच छायाचित्राचा अभ्यास पुरा होतो.