मास्तरकी सोडून प्रवासाचा सल्ला

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बहिणीला गाडीत बसवून द्यायला मी नागपूर स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर ओळखीची माणसे दिसली. ज्या गावात मी पंधरा वर्षे शिकवले, त्या गावची मंडळी. बाया, म्हातारे, सगळे मिळून अकरा जण. काशीला निघाले होते. जवळ पोतड्या, फडक्यात बांधलेल्या भाकरी. पण चेहरे उतरलेले.

एक आजी म्हणाली, "गुरुजी, बरे भेटले. आमचं तिकीट पाहून द्या. टी.सी. म्हणून राहिला का हे चालत नाही."

मी तिकिटे पाहिली. दोन होती. एकावर सहा नावे, दुसऱ्यावर पाच. कागद स्वच्छ छापलेला. पण प्रत्येक नावापुढे दोन इंग्रजी अक्षरे होती, डब्ल्यू. आणि एल. म्हणजे वेटिंग. म्हणजे जागा मिळालेली नाही, नाव नुसते रांगेत आहे.

असे तिकीट संगणकावरून काढलेले असले, आणि गाडीचा तक्ता तयार होईपर्यंत एकालाही जागा मिळाली नाही, तर ते आपोआप रद्द होते. पैसे परत जातात. कोणाकडे जातात? ज्याच्या खात्यातून तिकीट काढले, त्याच्याकडे. या मंडळींनी तिकीट काढले होते बाजारातल्या एका दलालाकडून. "पक्कं आहे," असे तो म्हणाला होता. त्याच्या खात्यात पैसे परत जाणार होते, आणि ही मंडळी फलाटावर बसली होती.

अकरांपैकी चौघांना वाचता येत होते. त्या चौघांतले तिघे माझ्याच शाळेत शिकलेले! तिकीटही वाचायचे असते, हे मी त्यांना कधी शिकवलेच नव्हते. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दलालाकडे गेलो. तो आधी उडवाउडवी करू लागला. तीन खेटे घातले तेव्हा पैसे मिळाले. आजीची काशी मात्र त्या वर्षी राहिली.

ही गोष्ट गावोगाव झाली. मग लोक माझ्याकडे विचारायला येऊ लागले. "गुरुजी, पंढरपूरला कसं जावं?" "शेगावला रात्री पोहोचलो तर मुक्काम कुठं करावा?" मी निवृत्त माणूस. वेळ भरपूर. माहिती काढून सांगत असे. पैसे घेत नसे.

एक दिवस माझ्या जुन्या शाळेतला एक तरुण शिक्षक घरी आला. म्हणाला, "सर, मी नोकरी सोडून हेच काम धंदा म्हणून करू का? मुलांच्या सहली मीच नेतो. मला यातलं कळतं. पण लोक म्हणतील, मास्तरकी सोडून दलाली करतो."

मी त्याला केसरीभाऊ पाटलांची हकिकत सांगितली. हे पालघर भागातले. आधी शाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते भावाच्या प्रवासी कंपनीत गेले. पुढे १९८४ साली, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी केसरी टूर्स नावाची स्वतःची कंपनी काढली. बहुतेक माणसे त्या वयात पेन्शनचा हिशेब मांडतात! त्यांच्या कंपनीबरोबर हजारो मराठी माणसे देश आणि परदेश पाहून आली. त्यांच्या कन्या वीणा पाटील याच कामात वाढल्या आणि २०१३ साली त्यांनी वीणा वर्ल्ड ही आपली कंपनी काढली. केसरीभाऊ २०२५ च्या फेब्रुवारीत वारले.

आणखी मागे जाऊ. इंग्लंडात टॉमस कुक नावाचा सुतारकाम करणारा माणूस होता. तो दारू सोडा असा प्रचार करत हिंडे. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे ५०० लोकांना एका गावाहून दुसऱ्या गावी दारूबंदीच्या सभेला रेल्वेने नेले. माणशी एक शिलिंग. एवढ्यावरून पुढे जगभर सहली नेणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे हा धंदा हलका नाही. हलका माणूस तो हलका करतो.

हे ऐकून त्याचे डोळे चमकले. तेव्हा मी त्याला दुसरी बाजूही सांगितली. पगार पहिल्या तारखेला येतो, गिऱ्हाईक तसे येत नाही. लोक फिरतात उन्हाळ्यात, दिवाळीत, जत्रेच्या दिवसांत. मधले महिने कोरडे. २०२० च्या मार्चअखेर करोनामुळे प्रवासी गाड्याच बंद झाल्या. तेव्हा या धंद्यातल्या कित्येकांच्या घरी चुलीची पंचाईत झाली. "वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा लिहू नको," मी म्हणालो. "आणि घरी विचार."

तो थांबला. पैसे साठवले. मग राजीनामा दिला. सीताबर्डीच्या एका गल्लीत लहानशी खोली घेतली. पहिले वर्ष ओढाताणीचे गेले. बायकोच्या शिलाई मशीनने घर चालवले, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

त्याच्या मास्तरकीची सवय काही सुटली नाही. गिऱ्हाइकाच्या हातात तिकीट देतो आणि म्हणतो, "वाचा." माणूस चुकला तर पुन्हा वाचायला लावतो. काहींना राग येतो. एक जण म्हणाला, "मी पैसे दिले, परीक्षा कायले घेता?" पण तोच पुढच्या खेपेला भावाला घेऊन आला.

आजी त्याच्याकडूनच काशीला गेल्या. दोन महिने आधी आल्या, म्हणून जागा सहज मिळाली. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. त्यांच्या गाडीला मुगलसरायला उतरायचे होते. तिकिटावर मात्र ते नाव कुठेच नव्हते. आजी घाबरल्या. "पुन्हा फसवलं का बाप्पा?" त्याने समजावले, की २०१८ साली त्या स्टेशनचे नाव बदलले. आता ते पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन. तिथून गंगेवरचा पूल ओलांडला की काशी.

आजींनी ते लांबलचक नाव पाठ केले. परत आल्या त्या दिवशी माझ्या दारात उभ्या राहून त्यांनी ते म्हणून दाखवले, आणि हातावर गंगेचे पाणी दिले.

आता तुमचा अभ्यास. घरात रेल्वेचे जुने तिकीट असेल तर काढा. नसेल तर शेजाऱ्याचे मागा. त्यावर दहा आकडी पी.एन.आर. नंबर शोधा. तो नंबर १३९ या रेल्वेच्या फोनवर सांगितला की जागा मिळाली की नाही ते कळते. मग आपले नाव आणि वय वाचा, बरोबर आहे का पाहा. नावापुढची इंग्रजी अक्षरे वाचा. सी.एन.एफ. म्हणजे जागा पक्की. आर.ए.सी. म्हणजे गाडीत बसता येईल, पण झोपायची पूर्ण जागा मिळेलच असे नाही. डब्ल्यू.एल. कशाला म्हणतात ते वर आलेच आहे. शेवटी भाड्याचा आकडा पाहा. तुम्ही दिलेले पैसे आणि छापलेले भाडे यांत फरक असेल, तर तो कशाचा, हे तिकीट देणाऱ्याला तिथेच उभे राहून विचारा.