स्पिंडलचे बेअरिंग : काय घट्ट, काय मोकळे

आयटीआय होऊन स्वतःचे लहान वर्कशॉप काढू पाहणारे तरुण कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत येतात. अर्जात जुन्या लेथची किंमत असते, घसारा असतो, हप्ता असतो. ज्यावर त्या लेथचे सारे काम अवलंबून, त्या स्पिंडलच्या बेअरिंगविषयी मात्र एक ओळही नसते. जॉब नापास होऊन परत आले तरी हप्ता थांबत नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. तरी या तरुणांच्या निमित्ताने हा विषय जाणत्या कारागिरांकडून समजून घेतला, तो येथे मांडीत आहे.

स्पिंडल म्हणजे हेडस्टॉकमधील फिरणारा दांडा. पुढच्या टोकाला चक, मागे पुली. चकवर हत्याराचा रेटा येतो आणि पुलीला पट्टा सतत एकाच बाजूला ओढत असतो. हे दोन्ही ताण सोसून दांडा जागेवर ठेवायचा, हे बेअरिंगचे काम.

पट्टा आणि बेअरिंग यांचे वैर जुने आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट हे अभियंते होते. तेथील चिकणमातीची जमीन हले, पट्ट्यांवर चालणारे शाफ्ट सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंगे वारंवार निकामी होत. यावर त्यांनी १९०७ साली शाफ्टबरोबर स्वतः कलणारे बॉल बेअरिंग तयार केले. गिरणीला ते वरदान ठरले. पण तेच लेथच्या स्पिंडलला चालणार नाही, कारण तेथे कलणे हाच दोष आहे. बेअरिंग मापात बसले म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

म्हणून पुढे, चकच्या जवळ, बहुधा तिरपा भार घेणाऱ्या बॉल बेअरिंगांची जोडी पाठीला पाठ लावून बसवतात. अशा जोडीत भाराच्या रेषा दांड्यावर दूरदूर पडतात. पाय फाकून उभा राहिलेला माणूस सहज ढकलला जात नाही, तसेच हे. ही जोडी दांड्याला मागेपुढे सरकू देत नाही. मागचे बेअरिंग मात्र लांबीच्या दिशेने मोकळे हवे. पोलाद तापले की वाढते. दोन आधारांत ४०० मिलिमीटर अंतर असेल आणि दांडा हेडस्टॉकपेक्षा १० अंश सेल्सिअस अधिक तापला, तर तो सुमारे ०.०५ मिलिमीटर अधिक लांबतो. दोन्ही टोके जखडली असतील तर ही वाढ बॉलवर दाब होऊन बसते; दाबाने उष्णता, उष्णतेने आणखी दाब. (काही लेथांत पुढे-मागे एकेक टेपर रोलर असतो. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच नट आवळावा.)

आता जखडण्याविषयी. आतली रेस दांड्याबरोबर फिरते, म्हणून ती दांड्यावर घट्ट हवी. बसवताना दाब आतल्या रेसवरच द्यावा, बाहेरच्या रेसवर हातोडी मारली तर तो धक्का बॉलमधून जातो. बारीक आट्यांचा लॉकनट आतल्या रेस आवळतो. बाहेरच्या रेस पुढचे झाकण दाबून धरते. हे झाकण आवळण्यापूर्वी त्याच्या व हेडस्टॉकच्या मध्ये केसाहून बारीक फट दिसली पाहिजे. फट नसेल तर झाकण हेडस्टॉकवर टेकते आणि रेस सैलच राहते. जोडीत स्पेसर असतील तर आतला व बाहेरचा एकाच लांबीचे, एकत्र ग्राइंड केलेले असावेत. आतला किंचित आखूड झाला तर दाब वाढतो, बाहेरचा आखूड झाला तर जोडी सैल पडते. नवी बेअरिंगे घालूनही लेथ तापतो किंवा जॉबवर लाटा उठतात, अशा तक्रारींत स्पेसर तपासायचे कित्येकदा राहून गेलेले असते.

पुली मागच्या बेअरिंगला जितकी जवळ तितके बरे. ड्रिलिंग मशीनमध्ये तर पुलीला स्वतःची वेगळी बेअरिंगे देतात आणि खाचांतून स्पिंडल फिरवतात, म्हणजे पट्ट्याची ओढ स्पिंडलपर्यंत पोहोचतच नाही.

जुना लेथ घेताना पट्टा उतरवून स्पिंडल हाताने फिरवून पाहावा. खरखर लागली तर दोष बेअरिंगचा. मोकळा फिरत असेल तर चकखाली लाकडी दांडा घालून उचलावा व डायल किती हलतो ते पाहावे. मग पट्टा चढवून तासभर चालवावा. हेडस्टॉक कोमट झाला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर पट्टा थोडा सैल करून पुन्हा चालवावा, आणि तरीही तापत असेल तर नव्या बेअरिंगांचा व बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा बोलावा.