मातीखालचा नाद

चांदीचा रुपया चलनात होता त्या काळी दुकानदार तो आधी फरशीवर टाकून पाही. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर गिऱ्हाइकाच्या हाती परत. ‘नाणे खणखणीत आहे’ असे आपण माणसाबद्दलही म्हणतो, ते या चालीमुळेच. चाल गेली, पण तिच्यामागचे तत्त्व खोटे नव्हते. धातूची ओळख कानाने पटते. मातीत पडलेले नाणे उचलण्यापूर्वीच ‘वाजवून’ पाहण्याचे काम आज धातुशोधक यंत्र करते. अनेक स्वरांत बोलणारे असे एक यंत्र मागील उन्हाळ्याच्या सुट्टीत एका परिचितांकडून मला महिनाभर वापरावयास मिळाले. मी इतिहासाचा विद्यार्थी, विज्ञानाचा नव्हे. तरीही त्या महिन्यात जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्र काय ऐकते?

या यंत्राची कुळकथा जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कोठे आहे हे शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक उपकरण वापरून पाहिले. गोळी सापडली नाही. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनीही उपकरणाचा गोंधळ उडवला होता, असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्यासाठी ही विद्या कामी आली, आणि तेथून ती हौशी लोकांच्या हाती पोचली.

दांड्याच्या टोकाला एक गोल कॉइल असते. तिच्यातील तारेच्या एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो व त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. धातू जितका चांगला विद्युत्वाहक, तितका त्याचा प्रतिसाद मूळ लहरीच्या मागे अधिक रेंगाळतो. हे रेंगाळणे मोजून यंत्र त्याचे स्वर करते. लोखंडाला खर्जातील गुरगुर, मंद वाहकाला मधला स्वर, चांदी-तांब्याला उंच, स्वच्छ स्वर.

चांदीची वाहकता १०० धरली तर तांब्याची सुमारे ९५, ॲल्युमिनियमची ६०, शिशाची अवघी ८ आणि आपल्या पूर्वीच्या नाण्यांतील तांबे-निकेल मिश्रधातूची ५ च्या आसपास भरते. मात्र स्वर केवळ धातूवर ठरत नाही. नाण्याचा आकार, जाडी व खोली यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून यंत्र ‘हा रुपया आहे’ असे कधीच सांगत नाही. ‘येथे या जातीचे काहीतरी आहे’ एवढेच ते सांगते. किंमत तर ते मुळीच सांगत नाही.

आधी जमीन, मग नाणे

नागपूरच्या पश्चिमेकडील काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे. सीताबर्डीची टेकडीही त्याच पाषाणाची. या मातीत लोहाचे सूक्ष्म कण असतात व यंत्राला तेही ऐकू येतात. म्हणून पहिला धडा असा, की जेथे धातू नाही अशा जागी कॉइल चार-सहा वेळा वरखाली करून मातीचा आवाज यंत्राला ओळखू द्यावा व तो शमवावा. जागा बदलली, पाऊस पडला, की हे पुन्हा करावे.

दुसरा धडा हाताचा. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, समांतर ठेवून, केर काढावा तशी सावकाश फिरवावी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी यावी. टोकाशी कॉइल वर उचलली गेली की खोलवरचे नाणे सुटते. तिसरा धडा कानाचा. स्वर आला की नव्वद अंशांनी वळून त्याच जागेवरून पुन्हा कॉइल फिरवावी. नाणे बहुधा दोन्ही दिशांनी सारखेच बोलते. वाकडा खिळा एका दिशेने गोड बोलतो व दुसऱ्या दिशेने तुटक.

अंगणातील प्रयोग

परदेशी पुस्तिकांत स्वरांचे तक्ते असतात, पण ते तिकडच्या नाण्यांचे. आपला तक्ता आपणच केला पाहिजे. म्हणून मी घरच्या अंगणात चार बोटे खोल, दोन-दोन हातांच्या अंतरावर, ओळीने नाणी पुरली व प्रत्येकाचा स्वर वहीत टिपला.

पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया अपेक्षेप्रमाणे सर्वांत उंच व गोल वाजला. १९४३ नंतरचा भोकाचा पैसा कांस्याचा, तोही उंच स्वरात बोलला. ॲल्युमिनियमचे दहा पैसे वजनाला फूल, पण आवाजाला बरेच वरचे. तांबे-निकेलचा रुपया मात्र खाली उतरला. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदाच्या शेजारीच त्याचा स्वर आला. आणि १९९२ पासून निघालेला स्टेनलेस स्टीलचा रुपया चक्क लोखंडासारखा गुरगुरला, मधूनच एखादी उंच किंकाळी फोडून. यात नवल नाही, कारण त्यात ८३ टक्के लोखंडच असते. नदीच्या पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुले आपण पाहिली असतील. त्यांच्या चुंबकाला नवी पोलादी नाणी चिकटतात, चांदी-तांब्याची तळाशीच राहतात.

शेवटी गळाला लावायचे शिसे ठोकून रुपयाएवढी चकती केली व ती पुरली. तिचा आवाज मधला आणि बद्द आला, थंड पेयाच्या डब्याच्या कडीसारखा. ही चकती का केली ते पुढे येतेच.

बद्द आवाजाचे मोल

यंत्राला एक बटण असते. ते दाबले की खालचे स्वर बंद होतात व केवळ उंच स्वर ऐकू येतात. नवशिक्यांना ही सोय फार आवडते, कारण कचऱ्याचा त्रास वाचतो. आपल्या विदर्भात मात्र या बटणाने काय बंद होते, ते पाहण्यासारखे आहे.

१९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या, तऱ्हाळा या गावी सुमारे १६०० सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या नाण्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यांतून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही नावे पुढे आली. पुराणांतील वंशावळींत हे राजे नाहीत. त्यांना इतिहासात जागा मिळाली ती या नाण्यांमुळे.

ही नाणी चांदीची नव्हती, सोन्याची तर नव्हतीच. ती पोटीनची होती. पोटीन म्हणजे तांब्यात कथील, शिसे वगैरे मिसळून केलेला हलका मिश्रधातू. अशा मिसळीने तांब्याची वाहकता एकदम घसरते. सातवाहनांची कित्येक नाणी तर शिशाचीच आहेत. म्हणजे असे सुटे नाणे यंत्राखाली आले तर ते माझ्या शिशाच्या चकतीसारखे बद्द वाजणार, आणि बटण दाबून बसलेला शोधक कर्ण सातकर्णीला कचरा समजून पुढे जाणार! म्हणून अनेक स्वरांच्या यंत्राचा पुरेपूर उपयोग करायचा तर एकही स्वर बंद करू नये. सर्व ऐकावे, आणि निवड बटणाने नव्हे, कानाने व विवेकाने करावी.

शोध आणि लूट

हा विवेक शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आपल्याकडे गुप्तधनाचे वेड जुनेच. पायाळू माणसाला जमिनीतील धन दिसते, या समजुतीने खेडोपाडी अनर्थ झाले आहेत. धातुशोधक हा नवा पायाळू होऊ नये. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा तेथील स्तूपांचा इतिहास उलगडला तो थरांच्या आधाराने. नाणे ज्या थरात असते त्या थराला ते काळ देते आणि थर नाण्याला संदर्भ देतो. नाणे उपटून काढले की दोघेही मुके होतात. हाती उरतो धातूचा तुकडा.

कायदाही हेच सांगतो. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदता येत नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील नाणे हा पुरावशेष ठरतो. आणि १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे काही जमिनीत सापडेल, त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. न दिल्यास शिक्षा आहे. दिल्यास, कोणी मालक न निघाल्यास, शोधणाऱ्याला वाटाही आहे. सरकारने ती वस्तू स्वतःकडे घेतली तर धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. शेतकऱ्याच्या नांगराला लागलेली नाणी सराफाच्या मुशीत जातात ती बहुधा हे ठाऊक नसल्यामुळे. आपल्यापैकी अनेकजण खेड्यातून आलेले आहेत. एवढी माहिती प्रत्येकाने आपल्या गावी नेली तरी पुष्कळ होईल.

यंत्र हाती आले तर घरचे अंगण, स्वतःची पडीक जागा, हरवलेली अंगठी शोधणे एवढ्यावर हात बसवावा. जुने नाणे दिसलेच तर ते चिंचेने घासू नये, अक्षरे जातात. जागा, खोली, तारीख टिपून ठेवावी, आसपास आणखी खणू नये आणि तहसील कचेरी गाठावी. आणि सुट्टीच्या एखाद्या दुपारी सिव्हिल लाइन्समधील अजब बंगल्यात जाऊन यावे. १८६३ पासूनच्या या संग्रहालयात जुन्या मध्यप्रांतात सापडलेली कितीतरी नाणी आली. कोणीतरी ती वितळवली नाहीत, वर्दी दिली, म्हणूनच ती आज आपल्याला वाचता येतात.