राग कुणावर काढायचा

नेपरव्हिल, 5 ऑक्टोबर 2025

चि. ओंकार यास,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, ते माझ्या मनातून जात नाही. व्हाइट सॉक्स पुन्हा हरले, तुम्ही चौघे चिडून मैदानाबाहेर पडलात, जेवायला गेलात, जेवण उशिरा आलं, आणि बिलावर टिपच्या रेघेवर तू शून्य लिहून सही केलीस. ‘आत्या, त्या दिवशी सगळ्यांनीच निराश केलं,’ असं म्हणालास. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या शिकागोच्या बेसबॉल संघाविषयी. कॉलेज पस्तिसाव्या रस्त्याजवळ आणि मैदान चालत जाण्याच्या अंतरावर, तेव्हा तू या संघाच्या नादी लागणार हे ठरलेलंच होतं. पण आलास तो काळ वाईट. 2021 मध्ये याच संघाने 93 सामने जिंकून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. मग 2023 मध्ये 101 पराभव, 2024 मध्ये 121 आणि यंदा 102. 162 सामन्यांच्या हंगामात 121 पराभव 1901 पासून कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. त्याआधीचा नकोसा विक्रम 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सचा, 120 पराभवांचा, आणि तो संघ त्या वर्षी नव्याने उभा राहिलेला होता. 2024 च्या उन्हाळ्यात तर सलग 21 सामने गेले. असं असताना तुला राग येतो यात काही गैर नाही. पैसे आणि संध्याकाळ खर्चून माणूस येतो, त्याला निदान झुंज बघायला मिळायला हवी.

मात्र हा राग ज्याच्या निर्णयामुळे आला, त्याच्यावरच काढावा. एवढी पडझड एका पिचरच्या हातून होत नाही. डिलन सीझसारखा खेळाडू सॅन डिएगोला दिला, गॅरेट क्रोशेसारखा बोस्टनला दिला. हे निर्णय मैदानावरच्या कुणी घेतले नाहीत. 21 पराभवांची मालिका संपली आणि लगेच मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना काढलं, पण त्यांच्या हाती दिलेला संघ कुणी घडवला होता? जेरी राइन्सडॉर्फ 1981 पासून या संघाच्या मालकीत प्रमुख आहेत. 2024 च्या सप्टेंबरात घरच्या मैदानावर लोकांनी ‘संघ विका’ अशा घोषणा दिल्या, त्या मला पटतात. तू त्यात आवाज मिसळलास तर मी तुला अडवणार नाही.

पण आठव्या इनिंगमध्ये संघातल्या एका पोराच्या हातून चेंडू सुटला म्हणून त्याच्या नावाने समाजमाध्यमांवर घाण लिहायची, हे मला मुळीच चालणार नाही. तुझ्या मित्राने ते लिहिलं आणि तू हसलास, हेही तूच सांगितलंस. या खेळाडूंना पगार उत्तम आहे, यंदा सर्वांत कमी पगारही वर्षाला 7 लाख 60 हजार डॉलर होता. तरी पगार घेतला म्हणजे शिव्या खायचं कंत्राट घेतलं असं होत नाही. याच मे महिन्यात ह्यूस्टनच्या लान्स मॅक्कलर्स या पिचरचा एक सामना वाईट गेला, तर त्याच्या लहान मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. धमकी देणारा पैज हरलेला माणूस होता. तुम्ही मुलं पैजेच्या ॲपवर पैसे लावत असाल तर आजच थांबा. पैसे लावले की खेळ बघणं संपतं आणि खेळाडूचा द्वेष सुरू होतो.

आता त्या वेटर मुलीविषयी, कारण खरं पत्र त्यासाठीच आहे.

पुण्यात आपण बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवतो, ते खुशीचे. नाही ठेवले तरी वेटरचा ठरलेला पगार कुठे जात नाही. इथे तसं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरूनही साधं किमान वेतन भरत नसेल, तरच उरलेलं मालकाने द्यायचं. शिकागोत परिस्थिती पुष्कळ बरी आहे. शहराने 2023 मध्ये कायदा करून ही दोन वेतनं टप्प्याटप्प्याने एक करायचं ठरवलं. तरी 2025 च्या जुलैपासून इतरांना तासाला 16.60 डॉलर आणि टिपवाल्यांना 12.62 डॉलर असा हिशेब ठरला. मधले चार डॉलर गिऱ्हाइकाच्या खिशातून येतील असं कायद्यानेच धरलेलं आहे.

‘मालकाने पूर्ण पगार द्यावा, मी का भरू?’ असं तू म्हणशील. मलाही तेच हवं आहे. ही पद्धत इथे कशी रुजली ते बघितलंस तर तुला अधिकच चीड येईल. जॉर्ज पुलमन यांची झोपायच्या डब्यांची कंपनी 1867 मध्ये इथे शिकागोतच निघाली. डब्यांत सेवेला त्यांनी गुलामगिरीतून नुकते सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष ठेवले, पगार तुटपुंजा दिला आणि बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर सोडलं. रात्र रात्र जागून, बूट पुसून, प्रत्येकापुढे हसतमुख राहिलं तरच त्यांचं घर चालायचं. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्या पोर्टरांनी संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून 1937 मध्ये कंपनीला करार करायला लावला. पुलमनची वसाहत याच शहराच्या दक्षिण भागात आहे, आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जपलेली. एखाद्या शनिवारी जाऊन ये. माणसाची मजुरी दुसऱ्याच्या मूडवर टांगून ठेवणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

पण ती पद्धत तुझ्या शून्याने मोडत नाही. मालकाला जेवणाचे पूर्ण पैसे मिळाले, त्याचं काही गेलं नाही. गेलं ते त्या मुलीचं. बऱ्याच ठिकाणी वेटरला आपल्या टिपेतला वाटा टेबलं आवरणाऱ्याला आणि बारवाल्याला द्यावा लागतो, आणि कित्येकदा तो वाटा टिपेवर न काढता विक्रीवर काढतात. म्हणजे तुमच्या टेबलापायी तिला पदरचे पैसे घालावे लागले असण्याचीही शक्यता आहे. जेवणाला उशीर का झाला? सामना सुटल्यावर सगळी टेबलं एकदम भरली, किचन तुंबलं. तिने तुम्हाला दोनदा येऊन सांगितलं, पाणी भरलं, हे तुझ्याच तोंडून ऐकलं. मग तिचं चुकलं काय?

तेव्हा असं कर. टेबलावर बसून जेवायचं तर बिलाच्या 18 ते 20 टक्के टिप हा जेवणाच्या किमतीचाच भाग समज. कर वगळून हिशेब केलास तरी चालेल. 20 डॉलर म्हणजे सतराशेच्या वर रुपये, असा गुणाकार तुम्ही मुलं मनात करता हे मला ठाऊक आहे. तो जेवायला जाण्याआधी कर. परवडत नसेल त्या आठवड्यात घरी खिचडी कर, किंवा पार्सल आण. त्यात कमीपणा नाही. जास्त मंडळी गेलात तर बिल नीट वाच, टिप आधीच लावलेली असू शकते. काउंटरवर पाण्याची बाटली घेतली आणि पडद्याने 25 टक्के विचारले, तर ‘नको’ दाबताना संकोच करू नकोस. सेवा खरोखर उद्धट मिळाली तर मॅनेजरला बोलावून शांतपणे सांग, टिप थोडी कमी ठेव. पण मुकाट्याने शून्य लिहून निघून जायचं नाही. त्यातून त्या माणसाला काहीच कळत नाही, फक्त अपमान कळतो.

त्या दिवशीचं बिल 90 डॉलरच्या आसपास होतं म्हणालास. या आठवड्यात तिथे जा, ती मुलगी कामावर असेल तेव्हा 18 डॉलर रोख तिच्या हातात दे आणि ‘त्या रात्री राहिले होते’ एवढंच सांग. मित्रांकडून वाटा मागत बसू नकोस, सही तुझी होती.

आणि संघ सोडू नकोस. याच व्हाइट सॉक्सने 2005 मध्ये ह्यूस्टनला सलग चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली, ती 1917 नंतर पहिल्यांदा. मधल्या 88 वर्षांत लोक मैदानावर येत राहिले. यंदाही 41 विजयांचे 60 झाले, ते तरुण पोरांच्या जिवावर. त्यांना वेळ लागेल, तो त्यांना मिळायला हवा.

दिवाळीला घरी ये, फराळ करते आहे. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर सामने सुरू झाले की मलाही बोलाव. तिकिटं मी काढीन. नंतर जेवायला जाऊ, तेव्हा टिप तू ठेव.

तुझी,
आत्या